वगळलेले पत्ते



पाच-तीन-दोनचा डाव मांडायचा असेल तर ५२ पत्त्यांच्या कॅटमधून आधी २२ पत्ते बाजूला काढावे लागतात. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे सगळे जातात, चार सत्त्यांपैकी दोनच राहतात, आणि उरलेले ३० पत्ते तिघांत दहा-दहा वाटले जातात. काढलेल्या पत्त्यांबद्दल कोणी हळहळत नाही, कारण कॅट सगळ्यांचा एकच. दुर्री गेली ती तिघांचीही गेली. आज ज्या खेळाविषयी बोलायचे आहे, तिथे मात्र एक पत्ता बाजूला काढला की वाद पेटतो, वर्षानुवर्षे धुमसतो आणि एकदा तर तो धमक्यांपर्यंत गेला. कारण या खेळात प्रत्येक खेळाडू आपला कॅट घरून घेऊन येतो. हजारो कार्डांमधून निवडून, विकत घेऊन, मित्रांशी अदलाबदल करून, चार-चार रात्री विचार करून त्याने तो जुळवलेला असतो. त्याला डेक म्हणतात आणि या खेळांना ट्रेडिंग कार्ड गेम. त्यांतला पहिला आणि आजही सगळ्यांत खोल असा खेळ म्हणजे ‘मॅजिक : द गॅदरिंग’. तीस वर्षांहून अधिक काळ या खेळात काही कार्डे स्पर्धांमधून वगळली जात आली आहेत. ती फार बलवान होती म्हणून वगळली, असे सर्वसाधारण उत्तर दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बळ हा गुन्हा असता तर या खेळात काहीच उरले नसते. माझे म्हणणे असे आहे, की कार्ड वगळले जाते ते निवड संपवते म्हणून. डेक बांधताना काय घ्यावे आणि डावात काय करावे, या दोन प्रश्नांवर हा सगळा खेळ उभा आहे. ज्या कार्डामुळे हे प्रश्न विचारण्यातच अर्थ उरत नाही, ते कार्ड कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवावे लागते.

मॅजिक १९९३च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा माणूस, संयोगशास्त्रात डॉक्टरेट केलेला. त्याने पहिल्या संचात २९५ कार्डे रचली. त्यांतली काही अतोनात ताकदीची आहेत, हे त्याला ठाऊक होते. पण त्याचा हिशेब असा होता, की लोक या खेळावर एखाद्या पटाच्या खेळाइतकाच खर्च करतील. थोडी पाकिटे घेतील, आपल्या मित्रमंडळीत खेळतील, आणि एखाद्या मंडळीत एखादे दुर्मीळ कार्ड निघाले तरी ते एकच असेल. गावात एकच पैलवान असला तर कुस्ती बिघडत नाही, उलट त्याच्याबद्दल गोष्टी रचल्या जातात. पहिल्या छपाईत, जिला अल्फा म्हणतात, प्रत्येक दुर्मीळ कार्डाच्या सुमारे १,१०० प्रतीच निघाल्या होत्या. दुर्मीळपणा हाच बळाचा लगाम होता. हा लगाम काही महिन्यांत तुटला. लोकांनी पाकिटेच काय, खोकीच्या खोकी घेतली, कार्डांची खरेदी-विक्री सुरू झाली, आणि ज्याच्याकडे पैसा व चिकाटी होती त्याच्याकडे तेच कार्ड चार-चार, आठ-आठ जमू लागले. तेव्हाच्या मूळ नियमात डेक किमान ४० कार्डांचा हवा एवढीच अट होती. एका कार्डाच्या किती प्रती घालाव्यात याला बंधनच नव्हते. दुर्मीळपणाने संतुलन राखता येत नाही, हा या क्षेत्रातला पहिला मोठा धडा.

बळ म्हणजे नेमके काय, हे कळण्यासाठी त्याच पहिल्या संचातली पाच भावंडे शेजारी ठेवून पाहू. मॅजिकमध्ये कार्ड खेळायला मॅना नावाची शक्ती मोजावी लागते. ती मुख्यतः जमिनीच्या कार्डांतून मिळते, आणि एका पाळीत जमिनीचे एकच कार्ड मांडता येते. प्रत्येकाकडे सुरुवातीला २० गुणांचे आयुष्य असते. ते शून्यावर आले की डाव हरला. दर पाळीला आपल्या डेकमधून एक नवे कार्ड हातात येते. आता गारफिल्डने खेळातल्या पाच रंगांसाठी पाच कार्डे रचली. प्रत्येकाची किंमत एक मॅना आणि प्रत्येक जण कशाचे तरी ‘तीन’ देणार, अशी ती सुरेख कल्पना होती. पांढऱ्याचे हीलिंग साल्व आयुष्याचे तीन गुण परत देते. लाल रंगाचा लाइटनिंग बोल्ट तीन गुणांचा घाव घालतो. हिरव्याचे जायंट ग्रोथ एखाद्या प्राण्याचे बळ त्या पाळीपुरते तिनाने वाढवते. काळ्याचे डार्क रिच्युअल तीन मॅना देते. आणि निळ्याचे अँसेस्ट्रल रिकॉल तीन कार्डे ओढू देते. कागदावर सगळे सारखे: किंमत एक, मोबदला तीन. प्रत्यक्षात हीलिंग साल्वकडे कोणी ढुंकून पाहत नाही, जायंट ग्रोथ बेताचे, लाइटनिंग बोल्ट व डार्क रिच्युअल उत्तम पण आवाक्यातले, आणि अँसेस्ट्रल रिकॉल मात्र या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत बलवान कार्डांपैकी एक. तीन कार्डे म्हणजे पुढच्या तीन पाळ्यांचे भवितव्य आजच, एका मॅनात. आयुष्याचे गुण हरण्याची वेळ पुढे ढकलतात. कार्डे मात्र पर्याय देतात, आणि पर्यायातून आणखी पर्याय निघतात. गारफिल्डलाही याची थोडी जाण होती, कारण बाकीची चार सर्रास मिळणारी ठेवून त्याने हे एकच दुर्मीळ केले. पण दुर्मीळपणाचा लगाम किती टिकला ते आपण पाहिलेच.

आता दुसरे उदाहरण अधिक जवळून बघू, कारण यात सगळा प्रश्न साठलेला आहे. ब्लॅक लोटस हे या खेळातले सर्वांत प्रसिद्ध कार्ड. त्याची किंमत शून्य. ते मांडायचे, लगेच टाकून द्यायचे, आणि हव्या त्या एका रंगाचे तीन मॅना घ्यायचे. समजा पहिल्याच पाळीला हातात चार कार्डे आली: माउंटन नावाची जमीन, ब्लॅक लोटस, चॅनल आणि फायरबॉल. माउंटनने एक लाल मॅना दिला. लोटस टाकून तीन हिरवे आले. त्यांतले दोन देऊन चॅनल खेळला. एक हिरवा उरला. चॅनलचे म्हणणे असे, की आयुष्याचा एक गुण द्या आणि एक मॅना घ्या, हवा तितक्यांदा. खेळाडूने २० पैकी १९ गुण देऊन टाकले आणि १९ मॅना घेतले. उरलेला हिरवा धरून झाले २०. फायरबॉलची मूळ किंमत एक लाल मॅना. त्यावर जितके मॅना ओताल तितका घाव. लाल माउंटनचा दिला, वर २० ओतले, समोरच्याचे २० गुण संपले. समोरच्याने अजून एक कार्डही मांडलेले नाही. हा हिशेब इतका चपखल जुळतो, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला कौतुक वाटावे. कौतुकाची गोष्ट ती आहेच. पण दहाव्यांदा ती पाहणाऱ्याला, आणि विशेषतः समोर बसणाऱ्याला, आपण इथे कशासाठी आलो असा प्रश्न पडतो. त्याने घरी चार रात्री जागून डेक बांधला, आणि त्यातले एकही कार्ड खेळायची वेळ आली नाही.

म्हणून १९९४च्या सुरुवातीलाच स्पर्धांसाठी नियम आले: डेक किमान ६० कार्डांचा, जमिनीची मूळ कार्डे सोडून कोणत्याही कार्डाच्या चारच प्रती, आणि काही कार्डांची एकच प्रत. या शेवटच्या प्रकाराला रिस्ट्रिक्टेड म्हणतात. ब्लॅक लोटस, अँसेस्ट्रल रिकॉल, आणखी एक पूर्ण पाळी देणारे टाइम वॉक, फुकट मॅना देणारे पाच मॉक्स ही सगळी त्या यादीत गेली. एका प्रतीने काय साधते हे गणिताने दाखवता येते. ६० कार्डांत चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. एकच प्रत असेल तर ती १२ टक्क्यांच्या खाली येते. उपाय वरवर समंजस वाटतो. पण त्यात एक खोट आहे. ज्याच्या हातात ती एकुलती प्रत आली तो जिंकणार, ज्याच्या हातात आली नाही तो झगडणार. म्हणजे कार्डाचे बळ तेवढेच राहते आणि फक्त त्याचे येणे नशिबावर सोडले जाते. कौशल्याचा खेळ सोडतीच्या अंगाने झुकतो. याच कारणाने पुढे बहुतेक स्पर्धाप्रकारांनी एका प्रतीचा मार्ग सोडला आणि सरळ बंदी पत्करली. विंटेज नावाच्या प्रकारात तो आजही चालतो, कारण त्या प्रकाराचे वचनच वेगळे आहे: खेळाच्या इतिहासातले जवळजवळ प्रत्येक कार्ड कुठेतरी खेळता आले पाहिजे.

‘वचन’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. १९९५ मध्ये स्पर्धांचे दोन प्रकार झाले. एकात सगळी जुनी कार्डे चालणार, दुसऱ्यात फक्त अलीकडच्या संचांची. पहिल्याचे पुढे विंटेज झाले, दुसऱ्याचे स्टँडर्ड. नंतर लेगसी, मॉडर्न, पायोनियर, कमांडर असे आणखी प्रकार आले. या प्रत्येक प्रकाराला फॉरमॅट म्हणतात, आणि फॉरमॅट म्हणजे खेळाडूंना दिलेले एक आश्वासन असते: इथे साधारण इतक्या पाळ्यांचा डाव होईल, इतक्या तऱ्हेचे डेक टिकाव धरतील, अशा प्रकारच्या निर्णयांना इथे किंमत असेल. कार्डाचे बळ या आश्वासनाच्या मापाने मोजायचे असते. एकटे कार्ड हातात धरून त्याचे बळ सांगता येत नाही. ‘जेस, द माइंड स्कल्प्टर’ या कार्डाची कथा पाहा. २०१०च्या आरंभी ते आले, आणि पुढच्या वर्षी डॅलसच्या मोठ्या स्पर्धेत अंतिम आठ जणांच्या डेकमध्ये मिळून या कार्डाच्या ३२ प्रती होत्या. म्हणजे आठही जणांकडे चार-चार, याहून जास्त असूच शकत नव्हत्या. जून २०११ मध्ये त्यावर स्टँडर्डमध्ये बंदी आली. मॉडर्न हा प्रकार त्याच वर्षी सुरू झाला, तिथे तर भीतीपोटी ते पहिल्या दिवसापासूनच बाहेर होते. २०१८च्या फेब्रुवारीत मॉडर्नमधली बंदी उठली. आभाळ कोसळले नाही. मॉडर्नचा वेग एव्हाना इतका वाढला होता, की चार मॅनांचे हे कार्ड तिथे अनेकांतले एक ठरले. कार्डावरचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलले होते ते भोवतालचे जग.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. खेळाडू मूर्ख नसतात, असे आक्षेपक म्हणतात. एखादे कार्ड डोईजड झाले तर लोक त्यावर उतारा शोधतील. बंदी म्हणजे शोधाची वाटच बंद करणे. बहुतांश वेळा हे खरे आहे, आणि बंदी घालणाऱ्यांनी आधी थांबून पाहावे, असे माझेही मत आहे. पण काही वेळा उतारा सापडूनही भागत नाही. २००४च्या फेब्रुवारीत डार्कस्टील हा संच आला, त्यात स्कलक्लॅम्प नावाचे एक साधे उपकरण होते. मांडायला एक मॅना, एखाद्या प्राण्याला चढवायला एक मॅना. चढवले की प्राण्याचे बळ एकाने वाढते आणि सहनशक्ती एकाने कमी होते. तो प्राणी मेला की दोन कार्डे ओढायची. सहनशक्ती कमी होते हा तोटा वाटतो ना? रचनाकारांनाही तसेच वाटले असावे. हे कार्ड छपाईच्या थोडे आधी बदलले गेले आणि नव्या रूपात त्याची पुरेशी कसोटी झाली नाही. प्रत्यक्षात एक बळ, एक सहनशक्ती असलेल्या किडूकमिडूक प्राण्याला ते चढवले की तो जागीच मरतो, आणि एका मॅनात दोन कार्डे हातात येतात. पुन्हा दुसरा प्राणी, पुन्हा दोन कार्डे. तोटा हाच फायदा होता. मरण हेच उत्पन्न झाल्यावर समोरच्याने करायचे काय? प्राणी मारले तर याला कार्डे मिळतात, न मारले तर हा स्वतःच मारतो. जूनमध्ये स्कलक्लॅम्पवर बंदी आली. पण त्याच काळातला, आर्टिफॅक्ट म्हणजे यंत्रवस्तूंवर उभा असलेला अ‍ॅफिनिटी डेक मागे राहिला. त्याच्यावर उतारा सापडला नव्हता असे नाही. लोकांनी आपल्या मुख्य डेकमध्येच आर्टिफॅक्ट फोडणारी कार्डे भरली. परिणाम असा झाला की दोनच तऱ्हेचे डेक उरले: अ‍ॅफिनिटी, आणि अ‍ॅफिनिटी फोडायला निघालेले. २००५च्या मार्चमध्ये एकदम आठ कार्डे वगळावी लागली, त्यांत आर्टिफॅक्ट असलेल्या सहा जमिनी होत्या.

या प्रसंगातून माझा मुद्दा स्पष्ट होतो. उतारा सापडणे आणि निवड टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साथीच्या काळात प्रत्येक घरात एकच काढा उकळत असेल तर औषध सापडले असे म्हणता येईल. स्वयंपाक सुरळीत चालू आहे असे म्हणता येणार नाही. बंदीचा विचार करताना लोक वगळलेल्या कार्डाकडे पाहतात. पाहायला हवे ते न खेळल्या गेलेल्या शेकडो कार्डांकडे, जी या एका कार्डामुळे वहीतल्या पानातच राहिली. १९९८-९९च्या हिवाळ्यात हेच झाले होते. उर्झाज सागा हा संच आला, आणि टोलेरियन अकॅडमीसारख्या कार्डांमुळे डाव दोन-तीन पाळ्यांत संपू लागले. खेळाडू आजही त्याला कॉम्बो विंटर म्हणतात. बंदीची लाट आली, तरी पुढच्या संचातले मेमरी जार हे कार्ड काही आठवड्यांतच तातडीने वगळावे लागले. माणसे खेळ सोडून जाऊ लागली होती. कंपनीच्या प्रमुखाने सगळ्या रचनाकारांना बोलावून खडसावले, असे त्यांच्यापैकीच मार्क रोझवॉटर यांनी नंतर सांगितले आहे.

मग आधीच नीट तपासून का छापत नाही, हा पुढचा प्रश्न. उत्तर गारफिल्डच्याच विषयात आहे. एखाद्या फॉरमॅटमध्ये २,००० कार्डे चालतात असे धरू. त्यांच्या जोड्या होतात जवळपास २० लाख. तीन-तीनचे गट १३३ कोटींच्या वर जातात. यांतले बहुतेक निरर्थक असतात, पण घातक गट कोणता हे न खेळता कळत नाही. रचनाकार मूठभर, आणि संच बाजारात आल्यावर जगभर तो खेळणारे लाखो. शिवाय चूक नेहमी संयोगातच असते असेही नाही. कधी ती नजरेत असते. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’ आले. तीन मॅना; आणि दर पाळीला कोणत्याही एका प्राण्याचे किंवा आर्टिफॅक्टचे सगळे गुण पुसून त्याचे तीन बळाचे साधे हरीण करण्याची मुभा. आपल्या फुटकळ वस्तूचे हरीण करता येते हे तपासणाऱ्यांनी पाहिले. समोरच्याने आठ मॅना मोजून मांडलेल्या महाकाय राक्षसाचेही हरीण करता येते, दर पाळीला, काही न मोजता, याचे वजन त्यांनी कमी धरले. तसे त्यांनी नंतर मान्यही केले. नोव्हेंबरच्या मोठ्या स्पर्धेत दोन तृतीयांशांच्या आसपास डेकमध्ये ओको होता, आणि त्याच महिन्यात तो वगळला गेला. मला या कार्डाचा सगळ्यांत मोठा दोष त्याच्या बळात दिसत नाही. समोरच्याने कोणता प्राणी निवडला याला ओकोपुढे काही अर्थच राहत नव्हता, सगळ्यांची शेवटी हरणेच व्हायची. हा तो दोष.

पण मानवी मर्यादा म्हटल्याने कंपनीची जबाबदारी संपत नाही. मार्च २००५ नंतर जानेवारी २०१७ पर्यंत स्टँडर्डमध्ये फक्त दोन कार्डांवर बंदी आली. त्यानंतरच्या चार वर्षांत ती संख्या वीसच्या पलीकडे गेली. संयोगांचे गणित दोन्ही काळांत तेच होते. नवे संच विकले जावेत म्हणून कार्डे अधिक धारदार करायची, आणि धार लागली की बंदीचे मलम लावायचे, असा आरोप खेळाडूंनी केला तर तो मला अन्यायाचा वाटत नाही. वारंवारची बंदी ही निकोप खेळाची खूण नाही. गच्चीतून पाणी झिरपते तेव्हा खाली बादली ठेवावीच लागते. पण दर पावसाळ्यात बादल्या वाढत असतील तर गच्चीकडे पाहायला हवे.

तिसरा आक्षेप: बंदी कशाला, कार्डाचा मजकूरच बदला. संगणकावरच्या खेळांत हे सर्रास होते आणि तिथे ते योग्यही आहे. कागदावर मात्र कार्ड हाच नियम असतो. समोरच्याने मांडलेले कार्ड वाचून त्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. ‘हे छापले आहे ते आता खरे नाही’ असे दर पाळीला सांगावे लागले तर नवखा माणूस खेळणार कसा? तरीही एकदा हा मार्ग घ्यावा लागला, आणि तो प्रसंग फार बोलका आहे. २०२०च्या एप्रिलमध्ये कम्पॅनियन नावाची कार्डे आली. डेक विशिष्ट अटीत बसवला की असे एक कार्ड डेकबाहेर ठेवायचे आणि प्रत्येक डावात हवे तेव्हा थेट तिथून खेळायचे. लुरस हे त्यांतले एक. विंटेजमध्ये, जिथे ब्लॅक लोटससुद्धा एक प्रत का होईना चालतो, तिथे लुरसवर मे महिन्यात बळाच्या कारणाने संपूर्ण बंदी आली. अशी बंदी तिथे कित्येक वर्षांनी आली होती. एका प्रतीची मर्यादा का चालली नाही? कारण त्याची एकच प्रत लागत होती आणि ती दर डावात मिळणारच होती. आधीचे १२ टक्के आणि ४० टक्के आठवा. इथे शक्यता १०० टक्के होती. पुढच्याच महिन्यात कम्पॅनियनचा नियम बदलला, ते हातात घ्यायला तीन मॅना पडू लागले, आणि काही महिन्यांनी विंटेजमधली बंदी उठली. लुरस तोच राहिला. नेहमी तोच डाव घडण्याची खात्री तेवढी महाग झाली.

बळाशी संबंध नसलेली कार्डेही वगळली जातात. त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. केऑस ऑर्ब हे कार्ड फूटभर उंचीवरून टेबलावर उडवायचे आणि ते ज्यांना स्पर्श करील ती कार्डे नष्ट. ते नेमबाजीचे काम झाले. काही जुनी कार्डे पैजेवर आधारलेली होती, हरणाऱ्याचे कार्ड जिंकणाऱ्याने घरी न्यायचे. जुगाराच्या वाटेवरची म्हणून ती गेली. शहरझाद या कार्डाने चालू डावाच्या पोटात दुसरा डाव मांडावा लागतो. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ही गोष्टीतल्या गोष्टीची कल्पना लगेच आवडेल. पण ५० मिनिटांच्या फेरीत ती मावत नाही. वेळेच्या कारणानेच २०१३ मध्ये मॉडर्नमधून सेकंड सनराइज गेले: एक खेळाडू एकाच पाळीत मिनिटेच्या मिनिटे कार्डे फिरवत बसे, समोरचा नुसता पाहत राही, आणि सगळी स्पर्धा त्या एका टेबलासाठी खोळंबे. २०२० मध्ये वंशद्वेषी चित्र वा नाव असलेली सात कार्डे सर्व प्रकारांतून काढली गेली. त्यांतल्या एकाच्या नावात आपला ‘प्रदेश’ हा शब्द रोमा लोकांसाठीच्या हिणवणाऱ्या शब्दाशेजारी बसवलेला होता. वरवर ही कारणे विखुरलेली दिसतात. पण समोरासमोर बसलेली दोन माणसे विचारपूर्वक, ठरल्या वेळेत, एकमेकांचा मान राखून खेळतील, या एकाच अपेक्षेला त्यांतली प्रत्येक गोष्ट कुठेतरी छेद देते.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत कठीण वाटतो, कारण तो खेळाबाहेरचा आहे. माणसाने पैसे मोजून कार्ड घेतले. ते एका घोषणेने निरुपयोगी करण्याचा अधिकार कोणाला? महाग कार्डे वगळण्यामागे पैशाचेच राजकारण असते, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. अल्फा छपाईचे एक ब्लॅक लोटस २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरना विकले गेले, आणि विंटेजमध्ये ते आजही चालते. उलट स्कलक्लॅम्प तेव्हा कोणालाही परवडेल असे होते. पण नुकसान खरे असते. २३ सप्टेंबर २०२४ रोजी कमांडर या प्रकारात चार कार्डे वगळली गेली. त्यांतली मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस शंभर डॉलरच्या घरातली किंवा त्याहून महाग होती. त्या प्रकाराचे नियम खेळाडूंचीच एक स्वतंत्र समिती सांभाळत असे, आणि तिने दिलेले कारण माझ्या मते योग्यच होते: पहिल्या-दुसऱ्या पाळीला मिळणाऱ्या फुकट मॅनामुळे चौघांचा निवांत डाव एकाच्याच हाती जात होता. पण ज्यांनी महिनाभरापूर्वी ती कार्डे घेतली होती, त्यांना कसलीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. समितीच्या सदस्यांना धमक्या आल्या. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, तिने कारभार कंपनीकडे सोपवला. धमकी देणाऱ्यांची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. तरी निर्णय योग्य असणे आणि तो नीट पोहोचवणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे काम त्या आठवड्यात झाले नाही.

विकत घेतलेले कार्ड आणि खेळायचा हक्क यांत फरक करावा लागतो. कार्ड तुमचेच राहते. ते मित्रांबरोबर खेळा, दुसऱ्या फॉरमॅटमध्ये खेळा, जपून ठेवा. पण डाव दोघांचा असतो, आणि समोरच्याच्या निवडीवर तुमच्या पावतीने हक्क सांगता येत नाही. याबरोबर हेही खरे, की ज्याने भरवशाने पैसे मोजले त्याच्याशी सौजन्याने वागण्याची वाट असते. २०११ मध्ये जेसबरोबर स्टोनफोर्ज मिस्टिक हे कार्डही स्टँडर्डमधून वगळले गेले. अडचण अशी होती, की कंपनीने थोड्याच दिवसांपूर्वी नवख्यांसाठी तयार डेकचे एक खोके बाजारात आणले होते आणि त्यात या कार्डाच्या दोन प्रती होत्या. पहिल्यांदाच स्पर्धेला येणारे पोर दुकानातून ते खोके घेऊन थेट टेबलावर बसणार, आणि पंच त्याला सांगणार की तुझा डेक बेकायदा आहे. तेव्हा एक अपवाद लिहिला गेला: जो खेळाडू ते खोके जसेच्या तसे, एकही कार्ड न बदलता खेळेल, त्याला त्या दोन प्रती चालतील. मुरब्बी डेकमध्ये जे कार्ड घातक होते, त्याच्याच दोन प्रती त्या साध्या डेकमध्ये निरुपद्रवी आहेत, हे बंदी घालणाऱ्यांनी नियमातच लिहून दिले होते.